वस्ताद, माती घ्या!

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. उत्तराची घाई करू नका, घरी जाईपर्यंत पुरवून वापरा!

पैलवान हरतो कधी?

पाठ टेकली की हरतो! बरोबर? पाठ मातीला लागली, हलगी थांबली, खेळ खल्लास! मग मला सांगा — हे आमचे जे भक्त देवळाच्या खांबाला पाठ टेकून बसलेत, ते सगळे हरले म्हणायचे का? हसू नका, त्यातले दोघं झोपलेत, जागे होतील!

बरं, दुसरा प्रश्न. मैदान भरलंय. हलगी कडाडतीय. नाव पुकारलं — आणि पैलवान आलाच नाही! घरात वाकळ अंगावर ओढून बसला! त्याची पाठ टेकली का? नाही! पाठ एकदम कोरी! मग तो जिंकला का?

अरे बोला की! आता का गप्प?

आजचं आख्यान पुराणातलं नाही. पुराणातलं तुम्हाला सगळं तोंडपाठ. मी एक ओळ म्हटली की पुढची तुम्हीच म्हणता आणि प्रसादाच्या पातेल्याकडं बघत बसता. आजचं आख्यान मातीतलं! लाल मातीतलं! तेल, ताक, लिंबू, हळद घालून मळलेल्या तालमीच्या मातीतलं!

वारणेच्या काठाला एक गाव. नाव सांगणार नाही. सांगितलं की लगेच म्हणाल, ‘आमच्या मेव्हण्याचं गाव!’ आणि कीर्तन राहील बाजूला, सोयरीक सुरू! तर त्या गावात तालीम, आणि तालमीचे वस्ताद — केरबा वस्ताद!

काय माणूस वर्णावा! कान मोडलेले. मान? मान नाहीच! खांद्यावर थेट डोकं ठेवलेलं. साठी उलटलेली, तरी शड्डू ठोकला की देवळातली कबुतरं उडायची. आणि अंगावर एकच दागिना — आयुष्यात पाठ टेकली नाही! मोठमोठी मैदानं झाली, कधी जिंकले, कधी बरोबरीत सुटले, पण चितपट? एकदाही नाही!

आता असा मान मिळाला की माणसाचं काय होतं? मान डोक्यात जातो! वस्तादांचा मान पाठीत गेला! ते कुठंच पाठ टेकेनात. एसटीत बसले तर सीटच्या कडेला, ताठ. न्हाव्यानं खुर्ची जरा मागं केली — ‘ए! सरळ कर! करायची तर बसल्या मानेनं दाढी कर!’ झोपताना? कुशीवर! सदा कुशीवर! त्यांची मालकीण, हौसाबाई, शेजारणीला सांगायची, "आमच्या ह्यांनी झोपून आभाळ कधी बगितलंच न्हाई बया. सगळा जन्म भिताडाकडं तोंड करून काढला."

हसताय! मायमाउल्या जास्त हसतायत. कळतंय मला, प्रत्येकीच्या घरात एकेक वस्ताद आहे!

तर या वस्तादांचा एक जोडीदार होता, दौलू. लंगोटयार! एकाच हौद्यात दोघं वाढले — हौदा म्हणजे तालमीतला मातीचा खड्डा हो, हत्तीवरचा नाही! एका ताटात जेवले, नदीवर एकाच दगडावर अंघोळ केली. एकमेकांपासून लपवलेलं काही नाही. असं आपलं वस्तादांना वाटत होतं.

एक दिवस दौलू म्हणाला, "केरबा, कंबर धरलीया रं."

वस्ताद म्हणाले, "जुनी लचक आसंल. झोप पालथा."

आणि वस्तादांनी स्वतःच्या हातानं तेल लावलं. रगडला! रोज रगडायचे! कोपरानं, अंगठ्यानं, जीव लावून रगडायचे. दौलूला घटकाभर बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मंडळी, ती लचक नव्हती. दुखणं सुरू झालं होतं खाली, लंगोटाच्या आत. पुरुषाला लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते, अक्रोडाएवढी. प्रोस्टेट म्हणतात. आपल्यातले अर्धे लोक तिला ‘पोस्टेट’ म्हणतात आणि पोस्टात काहीतरी असेल म्हणून सोडून देतात! त्या ग्रंथीत कॅन्सर झाला, वाढला, हाडात उतरला, आणि तेव्हा कुठं कंबर दुखायला लागली. आणि इथं मालिश चाललीय!

अरे, काय आपली जात आहे पुरुषांची! ग्रंथ सगळे बघतात, ग्रंथी बघायला कुणी तयार नाही!

दौलूला शेवटी शहरात नेला. फार उशीर झाला होता. वस्ताद खाटेशी बसले. म्हणाले, "आरं लेका, लघवीचा तरास हुता म्हनं तुला. किती दिस. मला का न्हाई बोललास?"

दौलू भिंतीकडं बघत म्हणाला, "लाज वाटली रं केरबा."

लाज! नदीवर उघड्या अंगानं बसणारे दोघं! माणूस मरताना सांगतोय, तुला सांगायची लाज वाटली! मला ह्या लाजेचा राग येतो, मंडळी. रोगाचा येत नाही तितका ह्या लाजेचा येतो. रोगाला काय, त्याचा धंदाच तो आहे. पण ही लाज आपण पाळली! दूध घालून वाढवली! आणि नाव काय ठेवलं? मर्दपणा!

बोला — विठ्ठल, विठ्ठल! टाळकरी, जोरात! झोपलेले उठू देत!

दौलू गेला. आता तुम्ही म्हणाल, वस्ताद शहाणे झाले असतील. छे! शहाणे झाले असते तर माझं आख्यान इथंच संपलं असतं! वस्ताद उलटे पेटले. पारावर बसून म्हणायला लागले, "दौलू घरात बरा हुता! दवाखान्यात नेला आनि गेला! तपासलं म्हनून गेला!"

माणूस दुःखात असा बोलतो हो. मालिश केलेले हात स्वतःचे, त्यांचा राग कुणावर काढायचा? काढला डॉक्टरवर.

पुढं गावात तपासणीचं शिबिर आलं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर शर्वरीबाई, वयानं लहान पण आवाज खणखणीत. शाळेत टेबलं मांडली. भोंग्यावर सांगितलं, "पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांनी यावं. काही दुखत नसलं तरी यावं. तोंड तपासू, रक्त तपासू, कुणाला काय लागेल ते सांगू."

मंडळी, त्या भोंग्यानं चमत्कार केला! एरवी ज्या माणसांना शेतात जा म्हणून बायका ओरडतात, ती सगळी माणसं तडक शेतात! एक म्हणाला ऊस बघतो. एक म्हणाला मोटर बघतो. ज्याला ना ऊस ना मोटर, तो दुसऱ्याची मोटर बघायला गेला! बायकांची रांग शाळेच्या फाटकाबाहेर, आणि पुरुषांच्या रांगेत एकच म्हातारा. त्याला विचारलं, "आजोबा, तुम्ही तरी आलात!" तर म्हणतो, "चष्मे कवा वाटनार?"

बैल विकत घेताना काय करता हो तुम्ही? तोंड उघडून दात मोजता! शेपूट उचलून बघता! बैल लाजतो का? आणि स्वतःची पाळी आली की, ‘मला काय झालंय?’ काही झालं नाही तेव्हाच बघायचं असतं, बाबांनो! झाल्यावर बघायला सगळा गाव येतो!

आणि वस्ताद? पारावर, मिशीला पीळ! "केरबा वस्तादाला तपासायला अजून कुनी जन्मलं न्हाई! मला आडवा पाडनार, ती बी एक पोरगी? पाठ टेकायला लावनार? आरं हाट!"

कळली का गोम? वस्तादांना सुईची भीती नव्हती. रोगाचं नाव ऐकायचं नव्हतं, ते होतंच. पण मनात बसलं होतं ते हे — दवाखान्यात टेबलावर उताणं झोपवतात! म्हणजे पाठ टेकली! आयुष्यभर जे कुणाला जमलं नाही, ते एका टेबलानं करायचं?

आणि वस्ताद जात नाहीत म्हटल्यावर गावात कोण जाणार? ‘वस्ताद गेलं न्हाईत, मग आपुन गेलो तर लोक काय म्हनतील?’ एका माणसाच्या पाठीमागं सगळं गाव लपलं!

पण हौसाबाई लपली नाही.

संध्याकाळची वेळ. तालीम भरलेली. गावातले जुने-नवे सगळे पैलवान हजर. त्या गावची रीत अशी की, बाईमाणूस तालमीच्या उंबऱ्याआत येत नाही. चूक की बरोबर ते नंतर भांडू, पण रीत होती. हौसाबाईनं उंबरा ओलांडला! मारुतीला हात जोडले. हौद्याच्या काठाशी येऊन उभी राहिली. बैठका मारणारे बैठकीतच थांबले — अर्धवट! ना खाली, ना वर!

वस्ताद गरजले, "हौसे! हितं कशाला आलीस?"

"जोड लावाय आलीया."

"कुनाची जोड?"

"तुमची."

आता मंडळी, त्या भागातली आणखी एक रीत ऐका. कुस्ती ठरवायची तर काय करतात? समोरचा मूठभर माती पुढं करतो. तुम्ही हात पुढं करून ती घेतली की कुस्ती कबूल. घेतली नाही तर? तर तुम्ही भ्यालात! जाग्यावर हरलात! केरबा वस्तादांनी आयुष्यात कुणाची माती नाकारली नव्हती.

हौसाबाई वाकली. हौद्यातली मूठभर माती उचलली. आणि हात पुढं केला.

"ह्यो रोग हाय न्हवं, त्यानं दौलूभावजीस्नी लोळवलं. आता गावभर पुकार करत फिरतुया, हाय का कुनी जोडीला! गावातला एक गडी हूं म्हनंना. सगळं उसात दडून बसल्यात. म्हनून त्याच्या वतीनं मी माती आनलीया. घ्या."

"मला काय बी झालं न्हाई!"

"झालं न्हाई तर उत्तम! नारळ फोडीन मारुतीला. पर बगायला काय हुतंय? दौलूभावजीस्नी बी काय झालं न्हवतं. झालं न्हाई, झालं न्हाई म्हनत त्यास्नी न्हेलं."

वस्तादांनी तोंड मारुतीकडं फिरवलं.

आणि मग ती माउली जे बोलली ना — आवाज न चढवता बोलली. म्हणाली, "आवं, दौलूभावजींच्या मातीला तुमी गेलासा. मी बायकांत हुते, लांबनं बगत हुते तुमच्याकडं. मला तवाच धडकी भरली. आता ऐका. ही माती आज तुमी हातावर घ्या. न्हाईतर उद्या सगळं गाव तुमच्या मातीला येईल. आनि त्या वक्ताला, वस्ताद, तुमची पाठ टेकलेलीच आसंल. चौघं जन टेकवतील. तुमास्नी इचारनार बी न्हाईत."

माती! शब्द एकच हो! कुस्तीची पण माती आणि शेवटची पण माती! कुठली आधी हातात घ्यायची, एवढंच आपल्या हातात!

सगळी तालीम बघतीय. हौसाबाईचा हात पुढं. मागं जात नाही. बोटांच्या फटीतून माती गळतीय.

वस्तादांनी हात पुढं केला. माती घेतली. कपाळाला लावली.

बोला — विठ्ठल, विठ्ठल!

दुसऱ्या दिवशी शर्वरीबाईंसमोर हजर! छाती पुढं! "काय करायचं ते उभ्यानं करा!" बाई म्हणाल्या, "वस्ताद, आधी रक्त द्या, ते बसून दिलं तरी चालतं." रक्त गेलं. अहवाल आला. त्यातला एक आकडा असायला हवा त्याहून जास्त. बाई म्हणाल्या, "ह्यावरून कॅन्सरच आहे असं नाही. दुसऱ्या कारणानंही वाढतो. पण तालुक्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं."

तालुक्याचे डॉक्टर. खोली. मधोमध ते टेबल! वस्तादांनी टेबलाकडं असं बघितलं, जसं बघतात समोरच्या पैलवानाकडं! डॉक्टर हातमोजा चढवत म्हणाले, "वस्ताद, कुशीवर झोपा. गुडघे पोटाशी घ्या."

"काय म्हनला?"

"कुशीवर."

"पाठीवर न्हाई?"

"नाही हो. कुशीवर. भिंतीकडं तोंड करून."

अहो! ज्याच्यासाठी एवढी मिशी पिळली, ज्याच्यासाठी गाव उसात दडलं, त्यात पाठ टेकायचीच नव्हती! कुशीवर! भिंतीकडं तोंड! वस्ताद आयुष्यभर रोज ज्याचा सराव करत होते, तेच! डॉक्टरांनी बोटानं ती ग्रंथी चाचपली. लंगोट कसायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही लागला नाही. वस्ताद उठून म्हणतात काय — "झालं? एवढ्यासाठी दौलू गेला?"

आणि रडले, मंडळी. डॉक्टरांच्या समोर, धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडले.

पुढच्या तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला. होय, निघाला! पण ग्रंथीच्या आतच होता. बाहेर पडला नव्हता. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, आवाज नाही काही नाही. हलगी न वाजवता मागून आलेला गडी! डॉक्टरांनी सगळे उपाय समोर मांडले आणि म्हणाले, "तुमच्या बाबतीत ऑपरेशन केलेलं चांगलं. वेळेत आलात."

ऑपरेशनचा दिवस. हिरवा डगला, मागं नाड्या. वस्ताद आत चालत गेले, खुर्ची नको म्हणाले. सिस्टरबाई म्हणाल्या, "बाबा, आता पाठीवर झोपायचं."

आता मात्र पाठीवर! आता सुटका नाही!

वस्ताद टेबलासमोर उभे राहिले. डोळे मिटले. दौलूचं नाव घेतलं. आणि मंडळी — त्या थंडगार, गुपचूप खोलीत — वस्तादांनी शड्डू ठोकला! काय आवाज झाला! सिस्टरबाईंच्या हातातला ट्रे खाली! भूल देणारे डॉक्टर दचकून उभे!

वस्ताद म्हणाले, "आजवर ही पाठ कुनाच्या बापाला टेकवता आली न्हाई. आज मी टेकवतुया. माझ्या हातानं, माझ्या मर्जीनं. लावा तुमची जोड!"

आणि झोपले. उताणे. दोन्ही खांदे टेकवून.

सांगा आता, हरले का? अरे, त्या खोलीत त्या दिवशी एकच पैलवान जिंकला, आणि तो पाठ टेकून जिंकला!

घरी आले. आता खोटं सांगणार नाही तुम्हाला. कीर्तनात उभा आहे. पुढचे काही महिने सोपे नव्हते. लघवीवर ताबा राहीना. दवाखान्याचं ते बांधायचं असतं ना म्हाताऱ्यांना, ते बांधावं लागलं. दुसरा असता तर घरात कोंडून बसला असता. वस्ताद तालमीत आले, हौद्याच्या काठावर बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "धोतरात काय हाय बगताय व्हय? लंगोटच हाय! दवाखान्यानं दिलेला! मी लाजत न्हाई, तुमी कशाला लाजताय?"

ह्याला म्हणतात लंगोटाचा पक्का!

हळूहळू ताबाही आला. आणि एका संध्याकाळी अंगणात बाज टाकलेली. हौसाबाई भाकरी थापून बाहेर येऊन बघते, तर वस्ताद बाजेवर उताणे! दोन्ही हात डोक्याखाली! ती घाबरली, पळत आली. वस्ताद वर बघत म्हणाले, "हौसे, आभाळ लई मोठं हाय गं."

ती बाजेच्या कडेला बसून राहिली.

पुढच्या शिबिराला काय झालं ते विचारा! वस्ताद सकाळीच शाळेच्या फाटकात. हातात मातीची मूठ. जो पुरुष दिसेल त्याला — "घे माती!" उसात लपलेल्यांना उसात जाऊन — "घे माती!" आणि त्यांची माती नाकारायची हिंमत गावात कुणाची? रांग लागली, मंडळी! पुरुषांची! चष्मेवाला म्हातारा पुन्हा पहिला, पण ह्या खेपेला खरंच तपासायला! बहुतेकांना काही निघालं नाही, ते मिशीला पीळ देत घरी गेले. एकाच्या तोंडात तंबाखूच्या जागी पांढरा डाग निघाला. वेळेत निघाला. तो आज घरी भाकरी चावून खातोय.

आता तुमच्याकडं वळतो! हां, उठू नका! लघवीला चाललोय म्हणून उठणाऱ्यांना तर आधी थांबवा, त्यांनाच पहिलं दाखवायचंय!

मला माहितीय तुमच्या मनात काय आहे. ‘निघालं तर?’ हेच ना? अरे, असलं तर ते आत आहेच! तुम्ही बघा, न बघा! बघितलं तर लढाल, नाही बघितलं तर लोळाल! कुणाला कुठली तपासणी लागते, ते डॉक्टर वय बघून, घराणं बघून सांगतील. सगळ्यांना सगळं लागत नाही. पण विचारायला तर जाल? का तेही बायकोनंच विचारायचं? पखवाजवाले, मान खाली घालू नका, तुमची पन्नाशी मला माहितीय! आणि मागून कोण म्हणालं, ‘बुवा, तुम्ही गेलावता का?’ गेलो होतो! कुशीवर झोपून आलो! भिंतीला हिरवा रंग होता!

सुरुवातीला मी विचारलं होतं, खांबाला टेकून बसलेत ते हरले का? त्यातल्या दोघांना तुम्ही हसलात. दोघांतला एक खरंच झोपलाय, त्याला झोपू द्या. दुसऱ्याकडं नीट बघा. डावीकडचा तिसरा खांब. कान मोडलेले. मान नाही. पाठ खांबाला टेकून, पाय पसरून, कसा आरामात बसलाय बघा! शेजारी हौसाबाई आहे!

नाव सांगितलं नाही मी गावाचं. सोयरीक काढाल म्हणून नाही सांगितलं. नदीपलीकडचंच गाव आहे हो!

या वस्ताद. वाट द्या रे त्यांना! उद्या सकाळी ह्याच गावाच्या शाळेत टेबलं मांडायचीत. शर्वरीबाई येणार आहेत. पण टेबलं उद्या. कुस्ती आज ठरणार.

टाळ्या नकोत! टाळ्यांनी हात गुंतून राहतात. मोकळे ठेवा.

वस्तादांनी मूठ पुढं केलीय, मंडळी. माती गळतीय. बोला — पहिला हात कुणाचा?